निंबाच्या पाण्यातल्या अळ्या

चोवीस तास झाले तरी अळ्या मरेनात.

टेबलावर पाच वाट्या ओळीनं मांडल्या होत्या. चार वाट्यांत पाणी, ठरलेल्या मापाचं अळीनाशक आणि प्रत्येकीत पंचवीस अळ्या. पाचवीत औषध नाही, नुसत्या अळ्या, तुलनेसाठी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला यायचं, काडीनं हलवायचं आणि मेलेल्या मोजायच्या, एवढी साधी परीक्षा. जवळपास सगळ्या मेल्या तर औषध चालतंय. मी पहिल्या वाटीत काडी घातली. निम्म्याहून जास्त अळ्या शेपूट आपटत तळाला पळाल्या. दुसऱ्या वाटीत तेच. तिसरी, चौथी, तेच.

मी कीटक संग्राहक आहे. असं पद खरंच असतं. गावोगाव जाऊन डास आणि अळ्या पकडायच्या, जात ओळखायची, त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासायचं. कंत्राटी पद, अकरा महिन्यांची ऑर्डर. या अळ्या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या होत्या. आणल्या होत्या जाफराबादपासून शेअर जीपनं अर्ध्या तासावरच्या एका गावातून, तिथल्या आशा कार्यकर्त्या मंदाताई साळवे यांच्या स्वतःच्या घरच्या ड्रममधून. गावाचं नाव देत नाही. चूक गावाची नव्हती.

वाट्या बघत असतानाच मंदाताईंचा फोन आला.

"मॅडम, मेल्या का?"

"बघते आहे, ताई."

"जल्दी बघा. गावात तीन जण तापानं पडलेत. आमच्या पूजाला सातवा महिना लागलाय. मला रातची झोप न्हाई."

पूजा म्हणजे त्यांची सून. पहिलं बाळंतपण. गरोदर बाईला डेंग्यू झाला तर दोन जिवांवर बेततं, हे मंदाताईंना मी सांगायची गरज नव्हती. दर महिन्याला गावातल्या बायकांना हेच त्या सांगत.

मला एकदम राग आला. औषधाचाच राग. मी जालन्याला साहेबांना फोन लावला.

"सर, औषध बोगस आलंय."

"कशावरून?"

"अळ्या मरत नाहीत. पुरवठादारावर कारवाई झाली पाहिजे. लोकांच्या जिवाशी खेळ चाललाय."

"हिवाळे मॅडम, तुम्ही आता मोर्चात न्हाई, खात्यात आहात. आधी तपासा, मंग बोंबला."

फोन बंद. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून आणखी चीड आली.

आमचे सीनियर शेखभाई कोपऱ्यात स्टुलावर बसून चहा पीत होते. तीस वर्षं डासांमागे फिरलेला माणूस. ते म्हणाले, "बेटा, औषधावर बाद में चिडू. दवाखान्याच्या कूलरमधल्या अळ्या आण. तेच औषध, तेच माप."

आणल्या. पुन्हा वाट्या, पुन्हा चोवीस तास. कूलरच्या अळ्या सगळ्या मेल्या. म्हणजे औषधात खोट नव्हती. अळ्याच वेगळ्या होत्या.

शेखभाईंनी मंदाताईंच्या ड्रमच्या पाण्याची बाटली उचलली, उजेडात धरली, झाकण काढून नाकाशी नेली. "ये क्या है? पाणी आहे का काढा?"

पाणी कोऱ्या चहासारखं होतं. तळाला काळपट गाळ. शेखभाईंनी चिमट्यानं त्यातून एक कुजलेली काडी काढली आणि पांढऱ्या बशीत ठेवली. दातेरी कडांची, शिरा उरलेली दोन-तीन पानं अजून काडीला चिकटून होती.

निंबाचा पाला.

मी खुर्चीत बसले. तो पाला तिथं कसा आला हे या खोलीत फक्त मला माहीत होतं.

नोकरी लागण्याच्या आधी मी पत्रकं लिहायची. पाण्यावर, रेशनवर, शाळेच्या शौचालयांवर. जे दिसेल त्यावर. उन्हाळ्यात डासांवर एक काढलं होतं, गुलाबी कागदावर. मथळा: कंपनीचं विष नको, दारचा निंब हवा! आत लिहिलं होतं की साठवणीच्या ड्रममध्ये निंबाच्या पाल्याची जुडी सोडा, डास होणार नाहीत.

हे मला सुचलं कुठून? आमच्या घरी ज्वारीच्या कोठीत निंबाचा पाला घालतात. कीड लागत नाही. कांजिण्या आलेल्या लेकराच्या उशाशी पाला, पाडव्याला आंघोळीच्या पाण्यात पाला. धान्यात चालतो तर पाण्यात का नाही? झूऑलॉजीत बी.एस्सी. केलेल्या मुलीचा हा तर्क.

आणि एक वाक्य मी मुद्दाम वगळलं होतं. सरकारी भिंतीवर ते कायम रंगवलेलं असतं: आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. म्हणजे सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. मला त्या वाक्याची चीड होती. अजून आहे. ज्या गावात नळ बाराव्या दिवशी येतो, तिथल्या बाईला ड्रम रिकामा कर म्हणायला लाज कशी वाटत नाही? तिच्या घरातला प्रत्येक थेंब तिनं डोक्यावर वाहिलेला असतो. म्हणून मी तिला पाणी सांडायला सांगितलं नाही. निंब सांगितला. फुकटचा, दारचा, आपला.

मंदाताईंनी ते माझ्या नावाचं पत्रक घरोघर वाटलं. तोंडी समजावून सांगितलं. गावानं ऐकलं.

आता अळीच्या पोटात काय झालं ते सांगते. झाडाला पळता येत नाही. किड्यांपासून वाचायला ते पानात कडू, जहरी द्रव्यं बनवतं. किडेही लाखो वर्षं झाडांमध्येच राहिलेत. त्यांच्या शरीरात ही द्रव्यं तोडणारी एन्झाइमं असतात. कडू द्रव्याचे तुकडे करायचे, निरुपद्रवी करून बाहेर टाकायचं, एवढंच त्यांचं काम. निंबाचा दाट, ताजा अर्क अळीला भारी पडतो. पण दोनशे लिटरच्या ड्रममध्ये एक जुडी म्हणजे काही दाट अर्क नव्हे. त्यातून निघालेलं कडूपण अळीला मारायला कमी आणि सावध करायला पुरेसं. जिची एन्झाइमं कमजोर ती मेली. जिची जोरात ती जगली, तिचा डास झाला, त्यानं तिथंच अंडी घातली. वर पाला कुजला की त्यावर जंतू वाढतात आणि तेच अळ्यांचं खाणं. म्हणजे आम्ही त्यांना मेसही उघडून दिली होती.

एन्झाइमं भेदभाव करत नाहीत. पिठाची गिरणी चालू असली की ज्वारी टाका, बाजरी टाका, खाली पीठच पडणार. निंबासाठी चालू झालेली गिरणी आमचं अळीनाशकही दळत होती.

हा माझा अंदाज होता. अंदाजावर रिपोर्ट होत नाही. शेखभाईंकडे एका ट्रेनिंगमध्ये मिळालेली छोटी बाटली होती, ही एन्झाइमं अडवणारं रसायन. आधी अळ्यांना ते द्यायचं, मग औषध. गिरणी बंद पडली असेल तर अळ्या मराव्यात. नुसतं ते रसायन दिलेली वाटी वेगळी, म्हणजे त्यानंच मेल्या असं कुणी म्हणायला नको.

दुसऱ्या दिवशी मोजल्या. नुसत्या रसायनाच्या वाटीत अळ्या मजेत. रसायन आणि औषध दोन्ही दिलेल्या वाटीत जवळपास सगळ्या मेलेल्या.

शेखभाई म्हणाले, "पकडला चोर."

मला आनंद झाला नाही.

गावात समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक घेतली. बायका जास्त, पुरुष मागे मोटारसायकलींवर. मी सरळ सांगितलं: ड्रममधला पाला काढा, ड्रम रिकामे करा, घासा.

मग काशीबाई म्हणून एक म्हातारी उठली. "बाई, उन्हाळ्यात तुमीच म्हन्ल्या पाला टाका. आता म्हन्ता काढा. पुढच्या खेपेला डास पाळा म्हन्ता का?"

सगळे हसले. मागून एकजण म्हणाला, "पगार लागला की मत बदलतं भाऊ."

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पत्रक मी लिहिलं होतं. ते चूक होतं."

"मंग चूक तुमची अन् पाणी आमचं का सांडायचं?" काशीबाईनं विचारलं.

मंदाताई खाली मान घालून बसल्या होत्या. चूक माझी होती, पण त्यांना रोज या लोकांच्या दारात उभं राहायचं होतं. शेजारी पूजा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. तिनं हळूच म्हटलं, "आत्या, आपल्याकडच्या डासाला बी कडू खाऊन चटक लागली म्हना की." मंदाताईंनी तिच्या मांडीवर चापट मारली. हसल्या मात्र दोघीही.

मी त्याच दुपारी तालुक्याला गेले. रिकाम्या ड्रममध्ये भरायला पाणी मिळालं तर लोक ड्रम रिकामे करतील. दोन टँकर, एका दिवसापुरते. एवढीच मागणी.

टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "टँकर उन्हाळ्याचा विषय आहे, मॅडम. आता पावसाळा चालू आहे."

"पावसाळाच डेंग्यूचा हंगाम असतो, सर. आणि गावात नळ बारा दिवसांनी येतो."

"टंचाई जाहीर न्हाई ना."

"ताप जाहीर झालाय. तीन पेशंट आहेत."

"तो आरोग्याचा विषय. तुमच्याच खात्याला विचारा."

माझ्या खात्याला विचारलं. साहेब म्हणाले, टँकर हा पाणीपुरवठ्याचा विषय. अर्ज दोन्हीकडे दिले. पोच घेतली. पोच अजून माझ्याकडे आहे, टँकर आलेला नाही. बाई पाण्यावाचून बसली तर विषय कुणाचा, हे या जिल्ह्यात अजून ठरायचं आहे.

मार्ग शेखभाईंनी काढला. त्यांनी कार्यालयाच्या मागचा एक रिकामा ड्रम धुऊन जीपवर चढवला. "सांडायचं कशाला? गाळ. या ड्रममध्ये चारपदरी धोतरातून गाळून घे, त्यांचा ड्रम घास, पाणी परत ओत, वर फडकं बांध. थेंब जात न्हाई."

इतकं सोपं. माझ्या पत्रकात हे मावलं असतं.

पण गाव ऐंशीच्या वर घरांचं, प्रत्येक घरी तीन-चार ड्रम, शिवाय रांजण आणि सिमेंटच्या टाक्या. माणसं आम्ही तीन: मी, मंदाताई, शेखभाई. पहिल्या दिवशी फक्त सात घरांनी दार उघडलं. बाकीचे म्हणाले, बघू, उद्या या.

त्या संध्याकाळी मंदाताईंच्या अंगणात मी म्हणाले, "ताई, पूजाला माहेरी पाठवा. आजच."

तिचं माहेर तीर्थपुरीकडे. तिचे वडील रविवारी न्यायला येणारच होते. आधी ओटी भरायची, मग पाठवायचं, असं ठरलेलं होतं.

मंदाताई म्हणाल्या, "मॅडम, माझीच सून गाव सोडून गेली तर लोक काय म्हन्तील? आशाबाईनं सोताची सून काढली अन् आमाला म्हन्ती घाबरू नका. मंग एक बी घर ड्रमला हात लावू देईल का? रविवार काय लांब न्हाई. चार दिवस."

मला ते पटलं. पटलं, हे लिहिणं भाग आहे. चळवळीत आम्ही हेच शिकलो होतो. पुढे उभा राहतो त्यानं आधी पळायचं नसतं. मी मान डोलावली आणि पाणी पिऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंचं घर मधोमध धरून आम्ही फवारणी केली. हे औषध पायरेथ्रम. शेवंतीच्या जातीच्या एका फुलापासून काढतात. झाडाचंच द्रव्य. खोलीत जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरायच्या, दारं-खिडक्या लावायच्या, फवारायचं. थोड्या वेळानं आत जाऊन चादरीवर पडलेले डास वेचायचे. पूजाला आधी शेजारच्या अंगणात नेऊन बसवलं.

चादरीवर पंधरा-वीस डास पडले होते. पायांवर पांढरे पट्टे असलेले, दिवसा चावणारे. मंदाताईंचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "पडले की ओ मॅडम!"

मी ते चिमट्यानं उचलून जाळीच्या कपात ठेवले, साखरपाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा वर ठेवला. पडलेला डास मेलेलाच असतो असं नाही, हे तपासावं लागतं. चहा होईपर्यंत कपातला एक डास पाय झाडायला लागला. मग दुसरा. तासाभरात कपात सात डास उभे होते. फुलाचं विषही त्यांनी दळून टाकलं होतं.

मंदाताई कप डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. शेखभाई चादर झटकायला अंगणात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

शुक्रवारी आम्ही बावीस घरं केली. काशीबाईनं स्वतः धोतर धरलं. "धर नीट, साहेब, पाणी चाललंय तिकडं," असं शेखभाईंना दरडावत होती. शनिवारी सकाळी आम्ही तिच्या शेजारच्या घरी असताना मंदाताईंचा मुलगा गल्लीच्या तोंडाशी आला. आईला म्हणाला, "पूजाचं अंग तापलंय."

मंदाताईंच्या हातातलं ओलं धोतर पिळायचं राहिलं.

जाफराबादहून जालन्याला नेलं. तपासणीत डेंग्यू निघाला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी, रोज उतरत होत्या. मी आणि शेखभाई गावातच थांबलो, राहिलेली घरं करत. दुसरं काय करणार होतो? आता मात्र सगळी दारं उघडी होती. मंदाताईंच्या घरात ताप शिरला म्हटल्यावर कुणी उद्या या म्हणालं नाही. जे समजावून झालं नाही ते त्यानं झालं.

बुधवारी शेवटची टाकी गाळून झाली. त्याच दिवशी दुपारी बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती. पूजा वाचली.

मी दवाखान्यात गेले तेव्हा मंदाताई वॉर्डच्या बाहेर बाकावर होत्या. आत पूजाची आई बसलेली. ती मंदाताईंशी बोलत नव्हती. मी शेजारी बसले.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पाठवली असती तर?"

"माहीत नाही, ताई."

डास कोणत्या दिवशी चावला हे कुणी सांगू शकत नाही. कदाचित आधीच चावला असेल. मी म्हणाले ते शास्त्रानुसार खरं आहे. पण त्यांच्याकडे बघून मला ते म्हणता आलं नाही, जमिनीकडे बघून म्हणाले.

"तुमी पाठवा म्हन्ल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मीच न्हाई म्हन्ले. तुमच्यावर न्हाई येत."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावात त्यानंतर चार जणांना ताप आला, मग नवा पेशंट निघाला नाही. मी रिपोर्ट लिहिला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: पत्रकातल्या चुकीच्या सूचनेमुळे साठवणीच्या पाण्यात निंबाचा पाला टाकला गेला. साहेबांनी ते खोडून वर लिहिलं: स्थानिक पातळीवर वनस्पतीजन्य पदार्थांचा वापर.

"कुणी सांगितलं ते लिहायचं नाही का, सर?"

"लिहा ना. मंग पुढची ऑर्डर विसरा. अन् त्या आशाबाईचं बी नाव येईल त्यात. तिनंच वाटलं ना ते?"

मी सही केली. म्हणून इथं लिहिते आहे.

काम करणाऱ्यांसाठी एवढंच: अळीला झाड आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे माणसांनी ठरवलंय. अळीच्या पोटात दोन्ही एकाच गिरणीवर जातात. थोडं थोडं विष, मग ते कुठलंही असो, तिला मारत नाही, तयार करतं. ड्रममध्ये काही टाकू नका. पाणी गाळा, ड्रम घासा, वर फडकं बांधा. कंटाळवाणं आहे, मथळा होत नाही. पण चालतं.

मंदाताई अजून आशाचं काम करतात. दर सोमवारी टॉर्च घेऊन घरोघर ड्रममध्ये डोकावतात. लोक त्यांना अडवत नाहीत. नळ अजून बाराव्या दिवशीच येतो. दवाखान्यातून माहेरी गेलेली पूजा तीर्थपुरीहून अजून परत आलेली नाही.